पर्सेप्ट्रॉन यंत्राला मोटारी कशासाठी लागत होत्या?

मापनयंत्र

नमस्कार मंडळी. मी तंत्रनिकेतनात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते. यंदा ऐच्छिक विषयात न्यूरल नेटवर्कची, म्हणजे मज्जापेशींच्या धर्तीवर जोडलेल्या आणि उदाहरणांवरून शिकणाऱ्या घटकांच्या जाळ्याची, तोंडओळख आली आहे, आणि हे प्रकरण कालपरवा उगवलेले नाही हे मुलांना समजावे म्हणून पहिला तास इतिहासाला द्यायचे ठरवले आहे. 1943 मध्ये वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स यांनी मज्जापेशीला होय-नाही एवढेच सांगणारा तार्किक घटक मानून गणित मांडले आणि 1949 मध्ये डोनाल्ड हेब यांनी, दोन पेशी वारंवार एकीमागोमाग एक उद्दीपित होत राहिल्या की त्यांच्यातला दुवा बळकट होतो, ही कल्पना पुढे ठेवली, इथवर मला अडचण नाही.

अडते ते त्यानंतर. बफेलो येथील कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत फ्रँक रोझेनब्लाट यांनी पर्सेप्ट्रॉनची, म्हणजे चित्रे ओळखायला शिकणाऱ्या अशा जाळ्याची, कल्पना मांडली आणि जुलै 1958 मध्ये अमेरिकी नौदलाने पत्रकारांना तिचे प्रात्यक्षिक दाखवले. ते आयबीएम 704 या संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रॅमचे होते. कार्डावरची खूण डावीकडे आहे की उजवीकडे, हे तो सुमारे 50 प्रयत्नांत शिकला. असे असताना त्याच गटाने पुढे मार्क-1 नावाचे कपाटांएवढे यंत्र उभारले. त्यात 20 गुणिले 20 असे 400 फोटोसेल, 512 मधली एकके, 8 आउटपुटे, आणि शिकलेले लक्षात ठेवायला विजेच्या मोटारींनी फिरणारे पोटेन्शिओमीटर (दांडा फिरवून रोध बदलता येणारे भाग) होते. प्रोग्रॅम चालत असताना मोटारींचा हा खटाटोप कशासाठी? शिवाय अशा यंत्रांनी प्रात्यक्षिकापलीकडे कोणाचे काही काम केले का, आणि 1969 मध्ये मिन्स्की व पॅपर्ट यांच्या पुस्तकाने हे सगळे संपवले असे जे सर्रास लिहिले जाते ते कितपत खरे आहे? वर्गात सांगायचे असल्यामुळे ऐकीव माहिती नको आहे.

रेषाखंड

मोटारींच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच विषयात दडलेले आहे. आयबीएम 704 सेकंदाला साधारण 12,000 अपूर्णांकी बेरजा करी. आता मार्क-1 एवढ्या जाळ्याचा हिशोब करून पाहा. 512 मधल्या एककांपैकी प्रत्येकाला केवळ दहा फोटोसेल जोडलेले आहेत असे धरले, तरी एका चित्रासाठी पाच हजारांवर बेरजा होतात, म्हणजे पहिल्याच थराला जवळजवळ अर्धा सेकंद जातो. त्यापुढे आउटपुटाचा थर, मग चूक काढणे, मग वेट्स (कोणत्या जोडणीला किती महत्त्व, हे सांगणारे आकडे) बदलणे, आणि हे सगळे शेकडो चित्रांसाठी पुन्हा पुन्हा. त्या यंत्राचा वेळ अतिशय महाग होता आणि त्यासाठी रांग लागलेली असे. उलट, तारा एका बिंदूत आणून जोडल्या की त्यांतले प्रवाह किरचॉफच्या नियमाने आपोआप बेरजेला येतात. 10 तारा असोत वा 400, वेळ तेवढाच लागतो. गुणाकारासाठी रेझिस्टर पुरतो. त्यामुळे गणन हा भाग ॲनालॉग जोडणीत जवळपास फुकट मिळत होता.

फुकट मिळत नव्हती ती स्मृती. वेट म्हणजे कमी-जास्त होऊ शकणारी, थोडीथोडी सरकवता येणारी आणि वीज गेल्यावरही जागेवर राहणारी राशी. फ्लिप-फ्लॉपमध्ये ती ठेवायची तर एकेका वेटसाठी अनेक ट्रान्झिस्टर खर्ची पडणार. कपॅसिटरमध्ये ठेवली तर ती गळते. पोटेन्शिओमीटरचा दांडा मात्र जिथे सोडला तिथे राहतो, आणि त्याला मोटार लावली की "थोडे वाढव, थोडे कमी कर" हा शिकण्याचा नियम सरळ यंत्रात उतरतो. त्यामुळे 1950 आणि 1960 च्या दशकांतल्या या यंत्रांकडे मी तरी एकाच प्रश्नाने पाहतो: यांनी वेट कुठे ठेवला?

मोटार आणि पोटेन्शिओमीटर ही जोडी रोझेनब्लाट यांच्याही आधीची आहे. 1951 मध्ये मार्विन मिन्स्की आणि डीन एडमंड्स यांनी हार्वर्डमध्ये स्नार्क नावाचे, सुमारे 40 कृत्रिम पेशींचे यंत्र बांधले होते. त्यात निर्वात नळ्या होत्या, आणि शिकताना पोटेन्शिओमीटर फिरवण्यासाठी क्लच व मोटारी होत्या. युद्धानंतर उरलेल्या बॉम्बर विमानांच्या ऑटोपायलटचे भागही त्यात वापरले होते. हेच मिन्स्की पुढे 1969 च्या पुस्तकाचे सहलेखक झाले. ते आणि रोझेनब्लाट न्यूयॉर्कमधल्या एकाच विज्ञानशाळेचे विद्यार्थी होते, हे वर्गात सांगायला हरकत नाही. मुलांना असल्या गोष्टी लक्षात राहतात.

मार्क-1 मध्ये फोटोसेल आणि मधली एकके यांच्यातल्या जोडण्या प्लगबोर्डवर तारा खोचून केल्या होत्या आणि त्या मुद्दाम यादृच्छिक ठेवल्या होत्या. शिकणे चाले ते फक्त मधली एकके आणि आउटपुटे यांच्या दरम्यान. हे चित्र काढून दाखवाच, कारण तुमचा तिसरा प्रश्न इथूनच सुरू होतो. मार्क-1 चे सार्वजनिक प्रात्यक्षिक 1960 मध्ये झाले आणि ते यंत्र आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. रोझेनब्लाट मूळचे मानसशास्त्राचे, त्यामुळे त्यांच्या लेखी हे यंत्र मेंदूविषयीच्या सिद्धान्ताची चाचणी होती. नौदलाला मात्र विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत रस होता. "चालेल, बोलेल, स्वतःच्या अस्तित्वाची जाणीव बाळगेल" असल्या अपेक्षा 1958 च्या वृत्तपत्रांत छापून आल्या आणि त्याची किंमत पुढे या विषयाला मोजावी लागली.

दूरसंचारी

रेषाखंड यांच्या प्रश्नाचे आणखी एक उत्तर स्टॅनफर्डला सापडले आणि ते मला सर्वांत गमतीदार वाटते. बर्नार्ड विड्रो 1959 मध्ये तिथे रुजू झाले आणि त्याच शरद ऋतूत त्यांनी विद्यार्थी मार्शियन हॉफ यांच्यासह जो नियम शोधला, तो आज एलएमएस (लीस्ट मीन स्क्वेअर, म्हणजे चुकीच्या वर्गाची सरासरी कमीत कमी करणारा) या नावाने ओळखला जातो. आधी त्यांनी हाताने फिरवायच्या बटणांचा ॲडालाइन, म्हणजे शिकणारे एकच एकक, बनवला. त्यात 4 गुणिले 4 असे 16 स्विच, तितकीच बटणे, थ्रेशोल्डसाठी (बेरीज कुठल्या मर्यादेपलीकडे गेली की होय म्हणायचे, त्यासाठी) आणखी एक बटण, आणि बेरीज दाखवणारा काटा होता. पण बटणे फिरवायला माणूस बसवणे परवडणारे नव्हते, म्हणून 1960 मध्ये त्यांनी मेमिस्टर बनवला. पेन्सिलीचे शिसे, म्हणजे ग्रॅफाइटची कांडी, तांब्याच्या सल्फेटाच्या आम्लयुक्त द्रावणात बुडवायची. तिसऱ्या टोकातून एका दिशेने प्रवाह सोडला की कांडीवर तांब्याचा मुलामा चढतो आणि तिचा रोध घटतो. दिशा उलटली की मुलामा उतरतो आणि रोध वाढतो. वाचन करताना एसी वापरायचा, म्हणजे वाचण्याने मुलामा चढत-उतरत नाही. मोटार नाही, गिअर नाही, आणि वीज गेली तरी तांबे जागेवर. तुमच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रोप्लेटिंगची सोय असेल तर मुलांना हा रोधबदल मल्टिमीटरवर प्रत्यक्ष दाखवता येईल.

"काम केले का" या प्रश्नावर माझे मत असे की सर्वांत मोठे काम सर्वांत लहान तुकड्याने केले, आणि ते यंत्र म्हणून नव्हे तर नियम म्हणून. ॲडालाइनमधला थ्रेशोल्ड काढून टाका आणि सोळा स्विचांच्या जागी एकाच सिग्नलचे थोड्याथोड्या उशिराने घेतलेले नमुने द्या. जे उरते त्याला आम्ही अडॅप्टिव्ह फिल्टर म्हणतो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ग्राहकाची दोन तारांची लाइन चार तारांच्या लाइनला जोडणाऱ्या हायब्रिडमध्ये समतोल कधीच अचूक साधत नाही, त्यामुळे बोलणाऱ्याचा आवाज काही अंशी त्याच्याकडेच परततो. जवळच्या कॉलवर हे जाणवत नाही. भूस्थिर उपग्रह 36,000 किलोमीटरवर असतो, आवाजाला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो आणि प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाने कानावर आदळतो. आयएसडी बूथमधून अमेरिकेला फोन करून स्वतःचेच "हॅलो, ऐकू येतंय का" परत ऐकलेले इथले अनेक जण असतील. यावर बेल लॅब्जमधील मन मोहन सोंधी यांनी 1967 मध्ये जो उपाय प्रसिद्ध केला, त्यात प्रतिध्वनीची नक्कल तयार करून ती वजा करायची होती आणि नक्कल जुळेपर्यंत वेट्स आपोआप सरकवायचे होते. 1980 मध्ये तिथेच असा प्रतिध्वनिशामक एका चिपवर बसवला गेला. टेलिफोन लाइनवरच्या मोडेममध्येही लाइनचा दोष भरून काढणारे असेच फिल्टर आले. जगभरच्या टेलिफोन जाळ्यांत हे उपकरण वर्षानुवर्षे मुकाट्याने चालले आणि त्याला न्यूरल नेटवर्क म्हणावे असे कोणाच्या मनातही आले नाही.

बहुपदी

दूरसंचारींचा मुद्दा मान्य, पण एका एककाने जे साधले त्यावरून सगळ्या जाळ्याचा निकाल लावणे बरोबर नाही. 1969 च्या पुस्तकाबद्दल लिहितो.

मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी जे सिद्ध केले ते अचूक आहे. शिकणारा थर एकच असेल आणि त्याला मिळणारी प्रत्येक मधली माहिती चित्राच्या मर्यादित भागापुरती असेल, तर चित्रातले काळे ठिपके सम आहेत की विषम, आकृती अखंड आहे की तुटलेली, असे प्रश्न त्या यंत्राच्या आवाक्याबाहेर राहतात. दोन इनपुटांचा एक्सॉर (दोहोंपैकी नेमके एकच होय असेल तरच होय) हे याचेच सर्वांत लहान रूप, म्हणून पाठ्यपुस्तके तेवढेच उदाहरण देतात आणि पुस्तकातले खरे गणित बाजूला राहते. पण एका थराची ही अडचण संशोधकांना 1969 मध्ये प्रथम कळली असे मुळीच नाही. रोझेनब्लाट यांच्या 1962 च्या ग्रंथात अनेक थरांच्या पर्सेप्ट्रॉनची चर्चा आहे आणि चूक मागच्या थरांकडे पोचवण्याच्या पद्धतीचा उल्लेखही आहे. अडत होते ते निराळ्याच ठिकाणी. एकक होय किंवा नाही एवढेच सांगत असेल, तर त्याच्या वेटमध्ये किंचित बदल केल्याने आउटपुट बहुतेक वेळा बदलतच नाही, आणि मग मधल्या थरातल्या कोणत्या वेटला किती दोष द्यायचा हे ठरवायला काही आधार उरत नाही. पायरीच्या जागी गुळगुळीत वक्र आला की डेरिव्हेटिव्ह काढता येतो आणि साखळी-नियमाने दोष वाटता येतो. पॉल वेर्बोस यांनी 1974 मध्ये हार्वर्डच्या प्रबंधात ही दिशा दाखवली आणि रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांच्या 1986 च्या लेखानंतर ती सर्वतोमुखी झाली. मॅककलक-पिट्सच्या होय-नाही पेशीवरची श्रद्धाच दोन दशके आड आली, असे मी म्हणेन.

आणि पुस्तकाआधीच लोक पांगू लागले होते, हेही सांगायला हवे. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये चार्ल्स रोझेन यांच्या गटाने मिनोस नावाची यंत्रे बांधली, त्यांत वेट्स चुंबकीय गाभ्यांत अर्धवट चुंबकन करून साठवले होते. त्यांनी कोडिंग शीटवर हाताने लिहिलेली अक्षरे वाचण्याचा कसून प्रयत्न केला, पण 1960 च्या दशकातच तो गट शेकी या फिरत्या यंत्रमानवाकडे वळला. रोझेनब्लाट स्वतः इथाका येथे कॉर्नेल विद्यापीठात आवाज ओळखणारे टोबरमोरी हे यंत्र बांधत होते. नाव एका कथेतल्या बोलक्या मांजराचे. त्यात चुंबकीय गाभ्यांवर 12,000 वेट्स होते. ते बांधायला इतकी वर्षे लागली की पूर्ण होईपर्यंत साधे संगणकच त्याचे सिम्युलेशन करण्याइतके वेगवान झाले होते. पुढे 1971 मध्ये, 43 व्या वाढदिवशीच, रोझेनब्लाट यांचे नौका-अपघातात निधन झाले. या सगळ्याचे खापर एका पुस्तकावर फोडणे मला पटत नाही.

सिलिकॉनवाडी

टोबरमोरीचीच गत 1980 च्या दशकातल्या चिपांची झाली, म्हणून तो भागही इथे जोडतो. 1989 मध्ये इंटेलने 80170 ही ॲनालॉग चिप आणली. तिच्यात 64 पेशी आणि 10,240 वेट्स होते आणि प्रत्येक वेट तरंगत्या (चहूबाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेल्या) गेटवर अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात होता, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न आणि त्याचे सिलिकॉनमधले उत्तर. वेग त्या काळाच्या मानाने अफाट होता, पण अचूकता साधारण सहा बिटांपलीकडे जात नसे आणि विद्युतभार चढवणे-उतरवणे हे काम संथ होते. त्यामुळे शिकवणे प्रामुख्याने बाहेरच्या संगणकावर होई आणि चिपवर फक्त अखेरची डागडुजी. जिथे उत्तर काही मायक्रोसेकंदांत हवे तिथे, म्हणजे फर्मिलॅबमधल्या कणभौतिकीच्या प्रयोगांत, ती वापरून पाहिली गेली. सर्वसाधारण गिऱ्हाईक मात्र दोन वर्षे थांबून नवा प्रोसेसर घेणे पसंत करी.

बेल लॅब्जचा अनुभव याहून बोलका आहे. यान लकन आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये टपालाच्या पाकिटांवरचे हस्तलिखित पिनकोड वाचणारे जाळे प्रसिद्ध केले. 16 गुणिले 16 बिंदूंची चित्रे, शिकवायला 7,291 आणि तपासायला 2,007 नमुने, आणि सुमारे दहा हजारच स्वतंत्र वेट्स. कारण एकच लहान चाळणी सबंध चित्रावर फिरवायची ही युक्ती. तिचे मूळ टोकियोतील कुनिहिको फुकुशिमा यांच्या 1980 च्या निओकॉग्निट्रॉनमध्ये दिसते. शिकवायला सन कंपनीच्या वर्कस्टेशनवर तीन दिवस लागले. याच गटातल्या मंडळींनी पुढे ॲना नावाची चिप बनवली, तिच्यात 4,096 वेट्स कपॅसिटरांवर ठेवून ते वरचेवर ताजे केले जात आणि ती सेकंदाला हजार अक्षरे वाचू शके. तरीही बँकांमध्ये रोज लाखो चेक वाचणारी जी प्रणाली 1990 च्या दशकात उभी राहिली, ती साध्या प्रोसेसरांवर चालली. चिप हरली आणि जाळे जिंकले, असे म्हणता येईल.

दूरसंचारींनी उल्लेखलेले हॉफ 1968 मध्ये इंटेलमध्ये गेले आणि 1971 च्या 4004 या पहिल्या व्यावसायिक मायक्रोप्रोसेसरच्या कल्पनेत त्यांचा मोठा वाटा होता. ती चिप प्रत्यक्षात उतरवणारे फेदेरिको फाजिन यांनी 1986 मध्ये कार्व्हर मीड यांच्यासोबत सिनॅप्टिक्स ही कंपनी काढली, तीही मेंदूच्या धर्तीवरच्या ॲनालॉग चिपा बनवण्यासाठी. कंपनीचा जम बसला तो लॅपटॉपच्या टचपॅडवर.

मापनयंत्र

सर्वांचे मनःपूर्वक आभार. "वेट कुठे ठेवला" या एका प्रश्नावर पूर्ण तास बांधता येईल असे दिसते. दूरसंचारी सर, हाताने फिरवायचा ॲडालाइन मुलांकडून बनवून घ्यावा असे मनात आहे. आमच्याकडे पोटेन्शिओमीटर, ऑप-अँप आणि मध्यशून्य मीटर भरपूर आहेत. वेट ऋणही हवा आणि इनपुटही अधिक-उणे हवे, हे कमीत कमी भागांत कसे जमवावे? आणि बटणे किती फिरवायची याचा साधा नियम काय?

दूरसंचारी

ताई, हे सोपे आहे. एक किलो-ओहमच्या पोटेन्शिओमीटरची दोन टोके अधिक आणि उणे 5 व्होल्टना द्या, म्हणजे मधली स्थिती हा शून्य वेट. ही दोन टोके डबल-पोल डबल-थ्रो टॉगल स्विचमधून न्या आणि स्विच टाकल्यावर ती अदलाबदल होतील अशी जोडणी करा. मग सरकत्या टोकावर वेट गुणिले अधिक-उणे एक आपोआप मिळतो, वेगळा गुणक लागत नाही. असे 16 संच, आणि सतरावे बटण थ्रेशोल्डसाठी, त्याला स्विच नको. प्रत्येक सरकते टोक 100 किलो-ओहममधून ऑप-अँपच्या बेरजेच्या बिंदूला जोडा. रेझिस्टर याहून फार लहान घेतला तर पोटेन्शिओमीटरवर लोड येऊन वेट चुकीचा वाचला जाईल. फीडबॅकला मात्र 100 किलो-ओहम लावू नका, कारण सगळी बटणे टोकाला असली तर बेरीज 85 व्होल्टवर जाईल आणि ऑप-अँप आधीच संपृक्त होईल. 5.6 किलो-ओहम ठेवा. जोडणी इन्व्हर्टिंग असल्याने मीटरच्या तारा उलट लावा.

नियम असा. मीटर अशा रीतीने अंकित करा की सगळे वेट पूर्ण धन आणि सगळी इनपुटे धन असताना काटा 17 दाखवेल. स्विचांवर इंग्रजी टी हे अक्षर मांडले, उत्तर अधिक एक हवे होते आणि काटा उणे 0.7 वर आहे असे समजा. चूक 1.7 झाली. ती 17 बटणांत सारखी वाटा, वाट्याला 0.1 येते. ज्यांचे इनपुट धन आहे ती बटणे 0.1 ने वर, ज्यांचे ऋण आहे ती 0.1 ने खाली, आणि थ्रेशोल्डचे वर. काटा अधिक एकवर येईल. मग जे हे अक्षर मांडा, अपेक्षित उत्तर उणे एक, आणि पुन्हा तसेच. दुसरे अक्षर शिकवताना पहिले थोडे बिघडेल, म्हणून आलटून पालटून काही फेऱ्या कराव्या लागतील. चुकीचे चिन्ह आल्यावरच बटणांना हात लावायचा ही पर्सेप्ट्रॉनची पद्धत झाली. इथे चिन्ह बरोबर असले तरी काटा अधिक एक किंवा उणे एक याच्या जवळ येईपर्यंत फिरवत राहायचे. बटणांभोवती 0.1 च्या खुणा असलेली कागदी तबकडी चिकटवली नाही, तर मुले अंदाजाने फिरवतील आणि काटा कधीच स्थिरावणार नाही.